दुकानात किंवा गाळ्यात लोखंडी पोटमाळा घालताना : उंचीपासून बोल्टपर्यंत

पोटमाळा म्हणजे मजला नव्हे आणि माळाही नव्हे. नियमांच्या भाषेत माळा, म्हणजे लॉफ्ट, ही फक्त सामान ठेवायची जागा असते. त्याच्या वरची मोकळी उंची १.५ मीटरपेक्षा जास्त नसते, त्यामुळे तिथे माणूस ताठ उभा राहू शकत नाही. पोटमाळ्यावर, म्हणजे मेझनाइनवर, माणूस उभा राहतो, बसतो, काम करतो. त्यामुळे त्याला उंची, हवा, जिना, कठडा आणि परवानगी हे सगळे लागते. बरेच घोटाळे माळ्याच्या नावाखाली पोटमाळा बांधल्यामुळे होतात.

या लेखात एकच उदाहरण धरून चालू. स्वतंत्र इमारतीतला तळमजल्याचा गाळा, आतून ५ मीटर रुंद, ९ मीटर खोल, फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत ४.९ मीटर उंच. मागच्या भिंतीला लागून पूर्ण रुंदीचा, ३ मीटर खोलीचा, म्हणजे १५ चौरस मीटरचा पोटमाळा घालायचा आहे. पुढचे आकडे पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. तुमच्या जागेचे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच काढायचे.

आधी वापर ठरवा

फॅब्रिकेटरला बोलावण्याआधी एक प्रश्न सोडवा : वर काय ठेवणार? कपड्यांचे दुकान, दोन टेबलांचे ऑफिस, की गोदाम? ‘सध्या ऑफिस, पुढे बघू’ हे उत्तर चालत नाही, कारण तुळईचा आकार या उत्तरावर ठरतो.

आयएस ८७५ (भारांविषयीचे भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात वापरानुसार भार दिलेले आहेत. राहत्या खोलीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन, सामानाची वेगळी सोय असलेल्या ऑफिसला २.५, किरकोळ दुकानाला ४. गोदामाला रचाईच्या उंचीच्या प्रत्येक मीटरला २.४ धरायचे, पण एकूण ७.५ पेक्षा कमी नाही. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो. म्हणजे दुकानाला चौरस मीटरमागे सुमारे ४०० किलो, तर गोदामाला किमान ७६५ किलो.

हे किमान आकडे आहेत, आणि माल जड असेल तर तेही पुरत नाहीत. ५० किलोच्या सिमेंटच्या आठ गोण्या एकावर एक रचल्या तर ४०० किलो वजन जेमतेम ०.२५ ते ०.३ चौरस मीटरवर येते. पाण्याच्या टाकीत एक मीटर उंच पाणी असले की चौरस मीटरला १००० किलो झाले. पोटमाळ्यावर टाकी बसवायचीच असेल तर ती आधी सांगा, म्हणजे तिच्याखाली वेगळी तुळई येईल. फायलींचे कपाट, तिजोरी आणि झेरॉक्स मशीन यांनाही हेच लागू.

उंचीचा हिशेब

टेप घेऊन फरशी ते स्लॅब मोजले आणि काम झाले, असे होत नाही. मोजायचे ते सर्वांत खाली उतरलेल्या गोष्टीपर्यंत : आरसीसी तुळईचा तळ, सांडपाण्याचा पाइप, एसीचा डक्ट, शटरची पेटी. स्लॅबखाली ४५० मिलिमीटर उतरलेली तुळई पोटमाळ्याच्या मधून जात असेल, तर तिथे रोज कुणाचे तरी डोके आपटणार.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार पोटमाळ्याला किमान २.२ मीटर उंची हवी. खालीही तेवढी तरी हवीच, कारण ग्राहक खालीच वावरतो. २.२ अधिक २.२ अधिक मधल्या सांगाड्याचे २५ सेंटिमीटर, म्हणजे ४.६५ मीटर, सव्वापंधरा फूट. गाळ्याची उंची चौदा फूट असेल तर पोटमाळ्याचा विचार सोडा आणि १.५ मीटरचा माळा करा. तेरा फुटांतही ‘बसवून देतो’ म्हणणारे भेटतात. ते बसवूनही देतात, पण त्यात वाकूनच चालावे लागते.

आपल्या उदाहरणात खाली २.४ मीटर ठेवले, सांगाडा २० सेंटिमीटर आणि वर ६ मिलिमीटरची प्लेट. मग वर साधारण २.२९ मीटर उरतात. पण ही २० सेंटिमीटरची जाडी आपोआप मिळत नाही. मुख्य गर्डर २०० मिलिमीटरचे आणि त्यांच्यावर टेकवलेले आडवे चॅनेल १०० मिलिमीटरचे असले तर जाडी ३०० होते. चॅनेल गर्डरच्या पोटात, दोन्हींचे वरचे अंग एका पातळीत येईल असे बसवले, तर २०० वर भागते. यात चॅनेलच्या टोकाला खाच कापावी लागते, मजुरी थोडी वाढते, पण दहा सेंटिमीटर वाचतात. कमी उंचीच्या गाळ्यात हा खर्च करावाच.

खाली फॉल्स सीलिंग हवे असेल तर त्याचे १०-१५ सेंटिमीटर आत्ताच वजा करा.

परवानगी

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे, आणि एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असते. आपला गाळा कुणाच्या हद्दीत आहे हे पहिले पाहा, मग तिथल्या परवानाधारक आर्किटेक्टला तीन गोष्टी विचारा : पोटमाळा एकूण क्षेत्राच्या किती भागात चालतो, तो एफएसआयमध्ये, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकात, मोजला जातो का, आणि तेवढा एफएसआय शिल्लक आहे का. राष्ट्रीय इमारत संहिता जोत्याच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशापर्यंत पोटमाळा मान्य करते. आपल्या ४५ चौरस मीटरच्या गाळ्यात १५ धरले ते म्हणूनच. स्थानिक नियमावलीत हा आकडा वेगळा असेल तर तो पाळायचा.

पोटमाळा लहान खोल्यांत विभागायचा नाही, तिथे स्वयंपाकघर करायचे नाही, आणि वरच्या-खालच्या जागेची हवा अडेल असा तो चहूबाजूंनी बंद करायचा नाही, हेही संहितेत आहे. काच लावून केबिन काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

सोसायटीतला गाळा असेल तर ना हरकत पत्र लागेल, भाड्याचा असेल तर मालकाची लेखी संमती. ‘नंतर नियमित करून घेऊ’ या भरवशावर लोखंड उभे करू नका. पाडायची नोटीस आली तर वजनकाट्यावर भंगाराचाच भाव मिळतो.

सांगाडा : एकाच मापात दुकान आणि गोदाम

चार कोपऱ्यांत चार खांब. पुढच्या आणि मागच्या कडेला ५ मीटरचे दोन मुख्य गर्डर. त्यांच्यामध्ये ३ मीटरचे आडवे चॅनेल, ६२५ मिलिमीटर अंतराने, दोन टोकांचे धरून नऊ. वर ६ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट.

दुकानासाठी चल भार, म्हणजे माणसे आणि माल यांचा भार, चौरस मीटरला ४ किलोन्यूटन. प्लेट, चॅनेल, वायरिंग आणि सीलिंग मिळून स्वतःचे वजन १ धरा. एकूण ५. प्रत्येक गर्डरकडे दीड मीटर पट्टीचा भार येतो, म्हणजे मीटरला ७.५ आणि गर्डरचे स्वतःचे पाव किलोन्यूटन. आयएस ८०० (पोलादी बांधकामाचे मानक) प्रमाणे दीडपट करून मधला वाकवणारा मोमेंट सुमारे ३६ किलोन्यूटन-मीटर येतो. आयएसएमबी म्हणजे मानक मापाचा आय-आकाराचा गर्डर, आयएसएमसी म्हणजे तसाच चॅनेल, आणि पुढचा आकडा त्याची मिलिमीटरमधली उंची. आयएसएमबी १५० ची क्षमता २५ च्या आसपास, म्हणून तो बाद. आयएसएमबी २०० ची ५७, तो चालतो. चल भाराखाली झोळ, म्हणजे गर्डर मध्यावर खाली वाकतो तो, सुमारे ११ मिलिमीटर येतो. मर्यादा लांबी भागिले ३००, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर, तेव्हा तीही पाळली जाते. आडव्या चॅनेलला आयएसएमसी १०० पुरतो.

आता तोच पोटमाळा गोदामाच्या ७.५ ने तपासा. मोमेंट ६१ वर जातो, झोळ २० मिलिमीटरपलीकडे. आयएसएमबी २०० दोन्ही परीक्षांत नापास होतो, २५० लागतो. चॅनेलही १०० ऐवजी १२५ चा. बाहेरून दोन्ही पोटमाळे सारखेच दिसतात, आणि धोका त्यातच आहे. कपड्यांच्या दुकानासाठी बांधलेल्या पोटमाळ्यावर पुढचा भाडेकरू टाइल्सची खोकी चढवतो, आणि त्याला कुणी अडवत नाही, कारण कुठेही काही लिहिलेले नसते. गोदामाची थोडी जरी शक्यता असेल तर सुरुवातीलाच २५० घ्या. मीटरला बारा किलो लोखंड वाढते, दोन गर्डरांत मिळून १२० किलो. नंतर गर्डर बदलण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

गर्डरची ताकद वरच्या पाकळीला, म्हणजे वरच्या आडव्या पट्टीला, आडवा आधार असेल तरच पूर्ण मिळते. चॅनेल नीट जोडलेले असले की तो आधार मिळतो. चॅनेल नुसते ठेवून वेल्डिंगच्या टाक्याने चिकटवले असतील तर वरचा हिशेब लागू नाही.

उभा भार झाला, आता आडवा. चार खांबांवर ठेवलेली चौकट उभ्या भाराला मजबूत असली तरी ढकलल्यावर झुलते. त्यासाठी मागच्या भिंतीलगत एक आणि दोन्ही बाजूच्या भिंतींलगत एकेक असे तिरके ब्रेसिंग द्या. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल लहान कामाला सहसा पुरतो. पुढची बाजू मोकळी राहते, ग्राहकाला अडथळा होत नाही. कोयना पट्ट्यासारख्या भूकंपप्रवण भागात आडव्या भाराचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी मागा.

खांब वाचवायला गर्डरचे टोक भिंतीत भोक पाडून टेकवायचे, ही नेहमीची युक्ती आहे. साडेचार इंची विटांची किंवा सिपोरेक्सची भिंत ही फक्त पडदी असते. दोन टनांचा बिंदुभार तिच्यासाठी नसतो, आणि ती बहुधा शेजाऱ्याशी सामाईक असते. आरसीसी खांबाला ब्रॅकेट लावता येते, पण तो खांब जादा भार घेईल का हे मूळ नकाशे पाहिल्याशिवाय कुणीही सांगू नये.

खांबाखाली काय आहे

दुकानाच्या भाराला प्रत्येक खांबाखाली सुमारे दोन टन येतात, गोदामाच्या भाराला सव्वातीन. तळमजल्याची फरशी भरावावर, सोलिंगवर (दगडांच्या थरावर) आणि १०० मिलिमीटरच्या पीसीसीवर (सळया नसलेल्या काँक्रीटवर) बसलेली असते. खांब थेट फरशीवर उभा केला तर सहा महिन्यांत तिथली फरशी तडकते, खांब थोडा खचतो आणि वरचा मजला एका कोपऱ्यात उतरतो.

फरशी कापा, भराव काढा, घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि ६०० बाय ६०० मिलिमीटरचा काँक्रीटचा पाया घाला. चौरस मीटरला दहा टन सोसणाऱ्या जमिनीवर गोदामाच्या भारालाही तो पुरतो. खाली काळी माती लागली तर तिच्यावर थांबू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खांबाला वर्षातून दोनदा हलवते.

गाळा वरच्या मजल्यावर असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे खांब स्लॅबच्या मध्यावर येता कामा नये, तो खालच्या तुळईवरच यायला हवा, आणि ती तुळई तेवढी सक्षम आहे का हे तपासायला हवे. उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यता बरीच असते.

बेस प्लेट २५० बाय २५०, जाडी १२ ते १६ मिलिमीटर, चार एम १६ अँकर बोल्ट. प्लेटखाली २५ मिलिमीटर नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे न आकसणारे सिमेंटचे मिश्रण. पातळी साधायला लोखंडी पट्ट्या घालतात त्या चालतात, पण ग्राउट न भरता फक्त पट्ट्यांवर खांब सोडून जाणे चालत नाही. केमिकल अँकर (भोकात रेझिनने चिकटवलेला बोल्ट) वापरत असाल तर ड्रिलिंगचा भुसा काढणे हे सर्वांत महत्त्वाचे काम : फुंका, ब्रशने घासा, पुन्हा फुंका. भुसा राहिला तर रेझिन काँक्रीटला चिकटत नाही, भुशाला चिकटते, आणि बोल्ट हाताने उपटून येतो. रेझिन घट्ट व्हायची वेळ डब्यावर लिहिलेली असते. ती होण्याआधी बोल्टला पाना लावू नका.

लोखंड विकत घेताना

फॅब्रिकेटर किलोवर दर देतात. म्हणजे वजन हा पैशाचा प्रश्न आहे आणि ताकदीचाही. बाजारात त्याच उंचीचे पण हलके सेक्शन मिळतात. समोरून पाहता २०० चा गर्डर २०० चाच दिसतो, पण पाकळ्या पातळ असतात. ओळखायचे वजनाने. आयएसएमबी २०० मीटरला साधारण २५ किलो, २५० साधारण ३७, १५० साधारण १५, आयएसएमसी १०० सव्वानऊ ते साडेनऊ. ६ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास. काट्याची पावती घ्या, लांबीने भागा, फरक लगेच दिसतो. आयएस २०६२ (बांधकामाच्या पोलादाचे मानक) चे टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यातला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, मालावरच्या नंबराशी जुळतो का ते बघा.

आपल्या उदाहरणाला दुकानाच्या भारासाठी जिना, कठडा, प्लेटा, क्लीट (सांध्याचे छोटे अँगल) सगळे धरून साधारण पावणेदोन टन लोखंड लागते. कुणी एक टनात करतो म्हणाला तर तो काय काय गाळणार आहे ते आधी विचारा.

उभारणी

जेवढे वेल्डिंग वर्कशॉपमध्ये करता येईल तेवढे तिथेच करावे. जागेवर शिडीवर चढून, डोक्यावर हात करून केलेला टाका चांगला क्वचितच उतरतो. म्हणून चॅनेल-गर्डरचे सांधे क्लीट अँगल आणि प्रत्येकी किमान दोन एम १६ बोल्टांनी करणे बरे. भोके ड्रिलने पाडा, गॅसने जाळून नाहीत.

क्रम असा. लेव्हल ट्यूबने चारही भिंतींवर एक पातळीची खूण. खांब उभे, ओळंब्यात, अँकर हाताने घट्ट. गर्डर चढवून बोल्ट सैल. चॅनेल, मग ब्रेसिंग. कर्णाची दोन्ही मापे घ्या, ती सारखी आली की चौकट काटकोनात आहे. तेव्हाच सगळे बोल्ट आवळा आणि ग्राउट भरा. आधी आवळले तर शेवटचे चॅनेल बसत नाही, मग त्याचे भोक गॅसने वाढवले जाते, आणि तो सांधा कायमचा कच्चा राहतो.

प्लेट चॅनेलला सलग वेल्ड करू नका, तापून ती लाटांसारखी वर-खाली होते. ५० मिलिमीटरचा टाका, २०० मिलिमीटर जागा सोडून पुढचा टाका, असे करा. पाऊल पडल्यावर प्लेट वाजत असेल तर टाका कमी पडला आहे किंवा मधला आधार लांब आहे. काँक्रीटचा मजला हवा असेल तर खाली डेक शीट, म्हणजे पन्हाळी पत्रा, घाला. आवाज कमी होतो, पाय थंड राहतात. पण १०० मिलिमीटर काँक्रीटचेच वजन चौरस मीटरला अडीच किलोन्यूटन, तेव्हा वरचे सगळे गणित पुन्हा करायचे. सिमेंट फायबर बोर्ड ऑफिसला छान, गोदामात नको, ट्रॉलीच्या चाकाने त्याच्या कडा तुटतात.

चालू दुकानात वेल्डिंग करताना कापड, कागद, थर्माकोल बाहेर काढा. ठिणगी गठ्ठ्यात शिरून तासाभराने पेट घेऊ शकते, म्हणून काम संपल्यावरही कुणीतरी थांबायला हवे. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

रंगाआधी टाक्यांवरची स्लॅगची खपली हातोडीने काढा. तिच्यावर मारलेला रंग तिच्यासकट गळतो. कोकणात आणि मुंबईत साध्या रेड ऑक्साइडवर भागत नाही, झिंकयुक्त प्रायमर घ्या. भिंतीलगतची बाजू उभारणीआधीच रंगवा, नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

जिना

जागेच्या हिशेबात सगळ्यांत जास्त चूक इथे होते. आपल्या पोटमाळ्याची उंची फरशीपासून २.६१ मीटर. घरगुती मापाचा जिना केला तर १७४ मिलिमीटरच्या १५ चढ-पायऱ्या, २५० चे १४ पाट (पाऊल ठेवायची आडवी जागा), जमिनीवर साडेतीन मीटर जागा. ग्राहकांसाठी १५० पेक्षा जास्त चढ नको आणि पाट ३०० हवा, मग १४५ च्या १८ पायऱ्या आणि ५.१ मीटर जागा. नऊ मीटरच्या गाळ्यात निम्म्याहून जास्त! एका दमात इतक्या पायऱ्या ठेवू नयेत, म्हणजे मध्ये टप्पाही आला. त्यामुळे वर ग्राहक जाणार की फक्त नोकर, हे जिन्याआधी ठरवा. मापे तपासायचे साधे सूत्र : दोन चढ अधिक एक पाट, बेरीज ६०० मिलिमीटरच्या आसपास.

सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. पहिली पायरी बिघडते ती फरशी बदलल्यामुळे : जिना जुन्या कोब्यावरून मोजलेला आणि नंतर वर टाइल आली की तळाची पायरी २० मिलिमीटरने बुटकी होते. लोक तिथेच अडखळतात. जिना चढताना डोक्यावर पोटमाळ्याची कड येते, तिथेही पायरीच्या नाकापासून २.२ मीटर मोकळे ठेवा.

उघड्या कडेला किमान एक मीटर उंच कठडा, खाली १०० मिलिमीटरची पट्टी, म्हणजे पेन किंवा पाना खालच्याच्या डोक्यावर पडणार नाही. दांड्या उभ्या ठेवा, आडव्यांवर मुले चढतात.

हवा, वीज, आग

२.२९ मीटर उंचीत छताचा पंखा लावू नका, हात वर केला की पाते लागते. भिंतीचा पंखा लावा. पत्र्याचे छप्पर असेल तर वरची हवा खालच्यापेक्षा बरीच गरम राहते, तेव्हा एक्झॉस्ट पंखा पोटमाळ्याच्या पातळीवर, सर्वांत वर हवा. पोटमाळ्याखाली जुने दिवे झाकले जातात, तिथे नवीन लागतात. गाळ्यात स्प्रिंकलर किंवा धूरसूचक असतील तर ते पोटमाळ्याखालीही द्यावे लागतात, नाहीतर खालची आग वरच्या यंत्रणेला उशिरा कळते. उघडे लोखंड साधारण ५५० अंश सेल्सिअसला निम्मी ताकद गमावते. सांगाड्याला अर्थिंग जोडा, आणि वायर गर्डरच्या धारेवरून नेऊ नका, कंड्युटमधून न्या.

ताब्यात घेताना

स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष बांधले तसा नकाशा घ्या. जिन्याच्या तोंडाशी पाटी लावा : ‘कमाल भार चौरस मीटरला ४०० किलो’. ती रंगवून, लोखंडी पत्र्यावर, स्क्रूने. महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासा, बसता बसता काही सैल होतात. दर पावसाळ्यानंतर बेस प्लेटच्या कडा बघा, फरशी धुताना पाणी तिथेच साचते आणि गंज तिथूनच चढतो.